मल्हारीतात्यांची मिशी

ईरा आणि निषाद,

परवा व्हिडिओ कॉलवर निषादने विचारलं, "आजी, तुझ्या मागे गेटजवळ तो पुतळा कधी बसवला?" मी वळून पाहिलं आणि सांगितलं, की तो पुतळा नाही, ते मल्हारीतात्या आहेत. ईरा म्हणाली, "पण तो हलतच नाहीये," तुम्ही दोघं हसलात, आणि तेवढ्यात आमच्याकडची वीज गेली. अर्धवट राहिलेली गोष्ट मला झोपू देत नाही, म्हणून सगळं क्रमाने लिहून पाठवते आहे. वाचायला तुम्हाला वेळ लागेल. लागू दे.

तात्या आमच्या समोरच्या घरात राहतात, मुलगा आणि सून सविता यांच्याबरोबर. डोक्याला तांबडा पटका, अंगात धुवट सदरा, आणि मिशी अशी, की आधी ती गल्लीच्या वळणावर दिसते, मग तात्या दिसतात. सकाळी स्वतःच्या ओट्यावर न बसता ते स्टूल घेऊन माझ्या फाटकाशी येतात. कारण विचारलं तर म्हणतात, "बाई, तुमच्या फाटकाला उजेड चांगला हाय. डावीकडून येतो."

तिथे ते बसतात. नुसते बसतात. डोळे उघडे, हात गुडघ्यांवर, पापणी लवलीच तर आपल्याला कळू नये अशी. एकदा गॅस सिलिंडरवाला नवा होता. त्याने तात्यांना पाहून सिलिंडर खाली ठेवलं, त्यांच्या नाकाशी बोट धरलं आणि माझ्याकडे पाहून ओरडायच्या बेतात होता. तात्या ओठ न हलवता म्हणाले, "बाजूला सर. उजेड अडवतोस." तो माणूस पुन्हा आमच्या गल्लीत आला नाही. हल्ली दुसराच येतो.

हा सराव आहे. विद्यापीठात चित्रकला शिकणाऱ्या मुलांना माणसांचे चेहरे काढायला समोर कुणीतरी बसवावं लागतं. तात्या कित्येक वर्षं तिथे बसायला जातात. त्याला ते 'सिटिंग' म्हणतात आणि असं म्हणतात, जणू दुसऱ्या कुणाला खुर्चीवर बसता येतच नाही.

लहानपणी ते थोरल्या भावाबरोबर मेंढरं राखायचे. मग शहरात आले, एका गोदामावर रखवालदार झाले, निवृत्त झाले आणि वेळ जाईना म्हणून मुकुंदवाडी स्टेशनच्या बाकावर बसू लागले. चित्रकलेची मुलं तिथे स्केचिंगला येत. हमाल निघून जात, बायका गाडीत चढत, कुत्रीसुद्धा उठून जात. जागचा हलत नसे तो हा एकच माणूस. मुलांनी त्यांना उचलून वर्गात नेलं. "मेंढरामागं उभं ऱ्हायचं म्हंजी दगड व्हायचं, बाई," तात्या सांगतात. "आपण हललो की मेंढरू हलतंय. पोरांचं बी तसंच हाय."

या कामाने त्यांची दृष्टी पार बदलून गेली. सवितेने भाजी कशी झाली विचारलं तर ते आधी म्हणतात, "ताटाला सावली बरी पडलीय." माझ्याकडच्या सत्यनारायणाचा फोटो पाहून त्यांनी मान हलवली. "बाईंच्या पाठीमागनं उजेड घेतला त्या फोटोवाल्यानं. देवाचं तोंड उजळलं, बाईंचं कोळशागत झालं." नातीच्या लग्नात स्टेजवर फोटोसाठी उभे राहिले, तर मागचे पाहुणे येऊन, फोटो काढून, जेवून गेले तरी तात्या तिथेच. शेवटी नवरदेवानेच त्यांना खाली उतरवलं.

त्यांचा एक नियम फार कडक आहे. शेवटच्या वर्षाच्या मुलांची परीक्षेची कामं सुरू झाली, की मिशीला कात्री लावायची नाही. एका वर्षी त्यांनी कुणाच्या तरी हळदीसाठी मिशी कोरून घेतली होती. निम्म्या मुलांची मिशी आधीच रंगवून झालेली, निम्म्यांची व्हायची होती. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं म्हणे, की हे दोघे भाऊ का? तेव्हापासून तात्यांनी मुलांना जबान दिली.

दर वर्षी त्या मुलांच्या कामाचं प्रदर्शन भरतं, तेव्हा तात्या पटका नव्याने बांधून मला बोलवायला येतात. चित्रांखालच्या इंग्रजी चिठ्ठ्या वाचायला त्यांना मी लागते. हॉलभर तात्याच तात्या टांगलेले असतात. निळे, हिरवे, एका मुलाने केलेले चौकोनी. खेड्यांतून आलेले आईबाप आधी चित्राकडे बघतात, मग यांच्याकडे, आणि हळूच नमस्कार करतात. तात्या हात मागे बांधून निकाल देत जातात. "ह्यात हवालदार झालोय." "ह्याला कावीळ झाली." "हे माझ्या साडूचं तोंड, लई चेंगट माणूस." मी चिठ्ठ्या वाचते, 'ओल्ड मॅन', पुन्हा 'ओल्ड मॅन'. म्हणजे म्हातारा, असं सांगितलं की ते म्हणतात, "असू द्या. नाक तर माझंच हाय." एकदा प्रमुख पाहुण्यांनी त्यांना आदराने विचारलं, यातलं आपलं चित्र कोणतं? तात्या म्हणाले, "समदीच."

मागच्या वर्षी शेवटच्या वर्गात तबस्सुम नावाची मुलगी होती, सिल्लोडची. तिच्या वडिलांचा कापसाचा व्यापार. मुलगी चित्रं काढते हे त्यांना मान्य होतं, पण हे शिकून होतं काय, ते प्रदर्शनात येऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघणार होते. पुढे शिकवायचं की नाही, ते त्यावर ठरणार होतं. तिने तात्यांचं भलंमोठं तैलचित्र करायला घेतलं आणि सगळ्यात आधी मिशी रंगवली. केस न् केस वेगळा. तात्या घरी येऊन कौतुकाने सांगत, "लई झाक मिशी काढलीया पोरीनं. आता तोंड तेवढं जमलं पायजे."

तोंड व्हायचं होतं आणि गावाकडून निरोप आला. थोरला भाऊ सोनबा वारला होता.

सोनबांनी जन्मभर मेंढरं सोडली नाहीत. दहाव्याला धाकट्या भावाने डोकं आणि मिशी उतरवायची, ही त्यांच्याकडची रीत. तात्या मधल्या एका दिवशी माझ्याकडे आले आणि स्टुलावर न बसता उभेच राहिले. "बाई, तुमच्या घरात पोथ्या वाचतेत. शास्त्रात काय सूट असती का?"

मी म्हटलं, "शास्त्राचं सोडा. मोबाइलवर फोटो काढून ठेवू द्या तिला. त्यावरून करेल पुरं."

"फोटोवरनंच काढायचं, तर मी कशाला बसतो इतकी वर्सं?" असं म्हणून ते गेले.

दहाव्याला मी सवितेबरोबर त्यांच्या गावी गेले. सिल्लोडच्या वाटेवर ते गाव आहे. गावाबाहेर ओढ्याकाठी माणसं जमली होती, आम्ही बायका बाभळीखाली. न्हाव्याने तात्यांचं डोकं केलं, दाढी केली, वस्तरा मिशीकडे आणला आणि तात्यांनी त्याचं मनगट धरलं.

"मिशी ऱ्हाऊ दे."

एक म्हातारे म्हणाले, "का रं मल्हारी, भावापरीस मिशी मोठी झाली व्हय?"

"मोठी नाय. जबान दिलीया."

"कुणाला?"

"एका पोरीला."

न्हाव्यासकट सगळे तात्यांकडे बघायला लागले. सविता घाईने उठली. "तसं नव्हं! मामंजी चित्रापायी म्हणतेत, चित्रापायी!" तिने समजावलं, पण चित्र ऐकून माणसं आणखीच गोंधळली. तेव्हा सोनबांची बायको, तात्यांची वहिनी, बसल्या जागेवरून म्हणाली, "भाऊजी, जबान दिली आसंल तर पाळा. ह्यांला काय राग यायचा नाय."

तात्यांनी पाण्याकडे पाहिलं. मग त्यांनी न्हाव्याचं मनगट सोडलं. "काढ," म्हणाले.

नंतर बसमध्ये त्यांनी मला सांगितलं, "वहिनी भांडली असती तर मी मिशी राखली असती, बाई. तिनं सोडून दिलं, मग मला धरवंना."

पण त्याआधी आणखी एक झालं. तात्या तोंड धुऊन उभे राहिले तसे ते म्हातारे म्हणाले, "सोनबाच उभा ऱ्हायला की." खरंच तसं असावं. सोनबांनी कधी मिशी ठेवली नव्हती, आणि या मिशीमुळे दोघांचा चेहरा एकच आहे, हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. वहिनीने एकदा वर पाहिलं, पदर तोंडावर ओढला आणि वळून बसली. निघताना तात्या निरोप घ्यायला दाराशी गेले, तर ती आतूनच "बरं" म्हणाली. बाहेर आली नाही. बसमध्ये तात्यांनी गमछा नाकावर बांधला, तो घरी येईपर्यंत सोडला नाही.

तसेच गमछा बांधून ते वर्गात जाऊन बसले. पुढचं मला तबस्सुमने सांगितलं. ती म्हणाली, "चाचा, गमछा निकालो ना." तात्या म्हणाले, "नाय. ह्याच्याखाली तुझं नुसकान झालंय." तिने तो स्वतःच सोडला. वर्गातल्या बाकीच्यांनी मोबाइलमधले जुने फोटो उघडले. तिच्याकडेही होते. पण तिने रंगाची सुरी घेतली आणि कॅनव्हासवरची ती झाक मिशी खरवडून काढली. "सामने जो बैठा है, मैं उसीको बनाऊंगी." तात्या घरी येऊन म्हणाले, "दोनदा गेली बाई मिशी. एकदा न्हाव्यानं काढली, एकदा पोरीनं. पोरीचा हात हलका."

प्रदर्शनाच्या दिवशी आम्ही नेहमीसारखे गेलो. बाकी भिंतींवर मिशीवाले तात्या होते आणि त्यांचे निकाल नीट चालू होते. तबस्सुमच्या चित्रापाशी मात्र ते थांबले. बिनमिशीचा, थकलेला, दुसरीकडेच बघणारा माणूस होता तो. तात्या हळूहळू खाली उकिडवे बसले. मी चिठ्ठी वाचायला पुढे झाले, तर त्यांनी हातानेच नको म्हटलं.

"ल्हानपणी दादा म्होरं आन मी मेंढरांच्या मागं," ते म्हणाले. "त्याची पाठच बघितली, बाई. तोंड असं कवा निवांत बघितलंच नाय."

मागे तबस्सुमचे वडील उभे होते. त्यांना तात्या कोण, हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी चित्र पाहिलं, जमिनीवर बसलेल्या माणसाला पाहिलं, मग मुलीकडे वळून एवढंच म्हणाले, "आगे का फॉर्म कब भरते?"

निकाल लागल्यावर तबस्सुमने ते चित्र तात्यांना देऊन टाकलं. तिच्या वडिलांची कापसाची रिकामी पिकअप सिल्लोडकडे परत जात होती, तीत चादरीत गुंडाळून ते गावी वहिनीच्या घरी गेलं. सवितेने मला सांगितलं, की वहिनीजवळ नवऱ्याचा धड फोटो नव्हता, आधार कार्डावर तर ते चोरासारखे दिसतात. वहिनी भिंतीवर खिळ्याला टांगलेल्या चित्रासमोर उभी राहिली, पदर मागे सारला आणि म्हणाली, "समदं बरोबर हाय. सदरा तेवढा इतका धुतलेला नसायचा ह्यांचा."

मग गावात वाद झाला. गेलेल्या माणसाच्या तसबिरीला हार घालायचा असतो. पण बसले होते तात्या, आणि जित्या माणसाला हार घालणं वाईट. चित्र कुणाचं, यावर पारावर दोन तट पडले. तात्या म्हणाले, "घाला, मला काय हुतंय." वहिनीने कुणाचंच ऐकलं नाही. हार आणलाच नाही, फक्त शेजारच्या खुंटीला सोनबांची घोंगडी टांगली.

तात्यांची मिशी आता पूर्वीसारखी झाली आहे. अमावास्येला ते गावी जातात. वहिनी दाराबाहेर येते, त्यांना चहा देते, सुनांची गाऱ्हाणी सांगते, आणि तात्या त्या भिंतीसमोर बसून असतात. तबस्सुम आता पुढचं शिकते आहे. चित्र त्याच खिळ्यावर आहे. त्याला अजून हार नाही.

तुमची,
आजी