उशीप्रकरण आणि गोल दरबार

शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास, एका प्राचीन राजधानीच्या पडक्या दरबारामागे, माझ्या आईने आणि माझ्या सासूबाईंनी टीव्हीवरच्या दोन नामवंत स्त्रियांचं चित्रीकरण थांबवून त्यांना झापलं. जीवितहानी नाही. एक छत्री मोडली.

बातमी एवढीच. पण तिची पार्श्वभूमी दिल्याशिवाय मला राहवत नाही, कारण मी एका दैनिकात मनोरंजनाचं पान सांभाळतो, आणि ही सगळी योजना माझी होती. मी आखलेली योजना फसत नाही! रोज संध्याकाळी पान वेळेवर छपाईला सोडणाऱ्या माणसाला दोन बायकांची समजूत घालणं ते काय अवघड?

तर पार्श्वभूमी अशी. अनोळखी माणसांना एका घरात कोंडून, आणि अधूनमधून बाहेरगावी नेऊन, त्यांची भांडणं दाखवणारा एक रिअ‍ॅलिटी शो सध्या जोरात आहे. त्यात एक आहे भारदस्त, ठसक्यात बोलणारी. तिला सगळे महाराणी म्हणतात. दुसरी तिच्यापेक्षा लहान, तोंडाळ, ती फटाकडी. एका सकाळी महाराणी उठली तर तिची उशी फटाकडीच्या डोक्याखाली! झालं. महाराणीने डोळ्यांत पाणी आणलं, फटाकडीने कपाट आपटलं, आणि देशाचे दोन तुकडे झाले. आमच्या घराचेही झाले.

आई महाराणीच्या बाजूची. "उशी ज्याची त्याची! विचारल्याशिवाय हात लावायचाच कशाला?"

सासूबाई फटाकडीच्या. "मान अवघडली असेल तर माणूस उशी घेणारच! तेवढ्यावरून रडायचं म्हणजे नाटकीपणा."

"नाटकी कोणाला म्हणालात विहीणबाई?"

"जिला लागलं तिला!"

त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद. पण एकाच घरात राहून बोलणं बंद ठेवणं सोपं नसतं. त्यासाठी मध्यस्थ लागतो. तो मान आमच्या छकुलीला मिळाला. छकुलीला अजून दात यायचेत.

"छकुले, तुझ्या त्या आजीला सांग, दूध उतू चाललंय."

"छकुले, तुझ्या या आजीला सांग, मला डोळे आहेत."

छकुली दोघींकडे बघून लाळ गाळायची. दूध उतू जायचं.

हे चाललं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण सोमवारपासून माझी बायको रुग्णालयातल्या प्रयोगशाळेत पुन्हा रुजू होणार होती. बाळंतपणाची रजा संपली होती, वाढवून मिळणार नव्हती आणि ती नोकरी तिने मोठ्या कष्टाने मिळवली होती. सकाळी छकुलीला सासूबाईंनी बघायचं, दुपारी शिवणवर्ग आटोपून आईने, असं ठरलं होतं. आणि शुक्रवारी सासूबाईंनी माळ्यावरची बॅग खाली काढली!

"मी रविवारी माझ्या लेकाकडे जाते," त्या म्हणाल्या. अर्थात छकुलीला.

बायको रडली नाही. ती फक्त म्हणाली, "मग सोमवारी साहेबांना फोन करून नाही म्हणून कळवते." आणि ती छकुलीच्या दुपट्यांच्या घड्या घालू लागली.

"थांब," मी म्हणालो. "माझ्याकडे बिनतोड योजना आहे."

"तुझ्या योजनेत नेहमी एकच माणूस फसतो," बायको म्हणाली, "आणि तो माझ्या ओळखीचा असतो."

योजना खरंच बिनतोड होती. आमच्या पर्यटन पुरवणीत त्या जुन्या राजधानीबद्दल छापून आलं होतं. तिथे एक गोल दरबार आहे. भिंतीपाशी बसून कुजबुजलं की आवाज भिंतीच्या कडेकडेने फिरतो आणि दालनाच्या पार दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसाच्या कानाशी निघतो. आपल्या पाठीमागे दरबारी काय बोलतात हे राजाला कळावं, म्हणून म्हणे ही करामत! मी आईला एका टोकाला बसवणार, तिच्याकडून विहिणीचं कौतुक वदवून घेणार. बायको सासूबाईंना दुसऱ्या टोकाला बसवणार. त्यांच्या कानात ते कौतुक अलगद पडणार, आणि त्या विरघळणार. राजाला जमलं ते मला का जमू नये?

गाडीत आई माझ्या शेजारी पुढे, सासूबाई मागे. दोघींच्या मधल्या हवेवर बर्फ जमला असता. टेकडी चढून आम्ही पोचलो. कधीकाळी बाजारपेठ असलेल्या रस्त्यावर शेळ्या चरत होत्या, राणीमहालाचे नुसते चौथरे उरले होते, आणि ज्या सिंहद्वारातून हत्ती जायचे त्याच्या निम्म्या बुजलेल्या कमानीखालून सासूबाई वाकून गेल्या, कारण त्यांना छत्री मिटायची नव्हती. दरबारामागच्या अंगणातून जनरेटरची घरघर येत होती. डागडुजी चालली असेल, असं मी सगळ्यांना ठामपणे सांगितलं. वार्ताहराने चौकशी केल्याशिवाय विधान करू नये.

दरबार मात्र अप्रतिम! अर्धा घुमट उभा, मध्ये कोसळलेल्या दगडांचा ढीग, कडेने जाडजूड खांब. या टोकाचा माणूस त्या टोकाला दिसत नव्हता. मी आईला भिंतीला टेकवून बसवलं आणि थर्मासमधला चहा दिला.

"आई," मी भिंतीकडे तोंड करून म्हणालो, "सासूबाई छकुलीला किती मायेने सांभाळतात, नाही?"

"सांभाळतात," आई म्हणाली. माझा जीव भांड्यात पडला. "पण हा चहा त्यांनीच केलाय ना? भांडी विसळून उरलेलं पाणी बरं!"

"आई, हळू!"

"हळू कशाला? इथे आहे कोण ऐकायला?"

तेवढ्यात भिंत बोलली. "जावईबापू, तुमच्या आईला सांगा, साखर ओतली म्हणजे चहा होत नाही! त्याला पाक म्हणतात!"

आईने ताडकन उठून भिंतीकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक. "अरे, इथे काहीतरी आहे!"

"काहीतरी नाही, मी आहे!" भिंत म्हणाली.

"विहीणबाई? तुम्ही भिंतीत कशा?"

"तुमच्या मुलाला विचारा!"

आणि मग जे सुरू झालं ते काय वर्णावं! चहापासून उशीपर्यंत, उशीपासून आमच्या लग्नातल्या मानपानापर्यंत. शतकानुशतकं मुक्या राहिलेल्या दगडांना एकदम वाचा फुटली. मी डोकं धरून बसलो. पण सांगायला हवं की कित्येक दिवसांत त्या पहिल्यांदाच एकमेकींशी थेट बोलत होत्या. मध्ये छकुली नव्हती, फक्त राजाची भिंत होती. त्या वेळी मला ही प्रगती वाटली नाही.

"तुमच्या त्या फटाकडीसारख्याच तुम्ही..." आई म्हणत होती, आणि तेवढ्यात भिंतीतून तिसराच आवाज आला.

"ताई, मान कशी आहे गं आता?"

हा आवाज आम्ही रोज रात्री ऐकत होतो. फटाकडी!

"बरी आहे," चौथा आवाज म्हणाला. ठसक्यातला. "तू दिलेल्या उशीवरच झोपते. तुझ्या आईचं ऑपरेशन?"

"झालं. डॉक्टर तूच शोधून दिलास, नाहीतर मी काय करणार होते? ताई, आज ओरडायची पाळी कोणाची?"

"आज तू ओरड. काल मी तुझ्या तोंडावर पाणी फेकलं, मला अजून वाईट वाटतंय. थोडी थोडी रडू का?"

"जास्त नको. काजळ ओघळतं, मग पुन्हा सगळं करावं लागतं."

जवळच्याच एका खांबाआड, सावलीत, भिंतीला टेकून, मागच्या अंगणात चाललेल्या चित्रीकरणातून सुट्टी घेऊन, आमचा गोंगाट पर्यटकांचा समजून, देशातल्या सर्वांत मोठ्या दोन वैरिणी एकाच बाटलीतून पाणी पीत बसल्या होत्या.

कोणीतरी अंगणातून हाक मारली, आणि दोघी उठून गेल्या. दगडांच्या ढिगाच्या एका बाजूने माझी आई आली, दुसऱ्या बाजूने सासूबाई. मधोमध समोरासमोर उभ्या राहिल्या.

"ऐकलंत?" आई म्हणाली.

"ऐकलं!"

"तिने उशी दिली होती!"

"आणि मी बॅग भरलीय!" सासूबाई म्हणाल्या. पुढे काही बोलायची गरज नव्हती. छत्री सरसावून त्या निघाल्या, आई मागोमाग. बायकोने छकुलीला माझ्या हातात कोंबलं आणि तीही धावली.

मी पोचलो तेव्हा फटाकडी महाराणीवर बोट रोखून ओरडत होती आणि माझी आई फटाकडीवर. सासूबाईंनी छत्री दिग्दर्शकाच्या खुर्चीवर आपटली. मोडली ती छत्रीच.

"तुमच्यापायी आम्ही एकमेकींशी बोलणं टाकलं!" सासूबाई कडाडल्या.

"दूध उतू गेलं रोज!" आई म्हणाली. "माझी सून घरी बसणार होती तुमच्या उशीपायी!"

महाराणीच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि यावेळी काजळ ओघळलं. "मावशी, चुकलं," ती म्हणाली. "आम्हाला वाटायचं, लोक बघतात आणि विसरतात."

फटाकडी आईच्या पाया पडायला वाकली, आणि तिरक्या नजरेने तिने मला पाहिलं. "अय्या, तुम्ही! ताई, मनोरंजनाच्या पानावर फोटो असतो तेच हे! आपलं भांडण रोज पहिल्या बातमीत यांच्यामुळेच तर असतं!"

आई सावकाश वळली. सासूबाई सावकाश वळल्या.

"मी फक्त घडलेलं लिहितो," मी म्हणालो.

"घडलेलं?" दोघी एका सुरात म्हणाल्या. एका सुरात! मी छकुलीला ढालीसारखं छातीशी धरलं.

परतीच्या प्रवासात आई आणि सासूबाई मागे शेजारी शेजारी बसल्या. पुढे मी आणि बायको. वाटेत मागून आवाज आला, "छकुले, तुझ्या बाबाला सांग, गाडी जरा हळू चालव म्हणावं."

बायकोने खिडकीकडे तोंड वळवलं. तिचे खांदे हलत होते. घरी पोचल्यावर तिने बॅग रिकामी करून स्वतः माळ्यावर टाकली, आणि खाली उतरताना माझ्या खांद्यावर जरा जास्त वेळ हात ठेवला. सोमवारी ती कामावर रुजू झाली.

त्या अनाम राजाचे, त्याच्या गवंड्यांचे आणि त्या दोन खोटारड्या, मायाळू मैत्रिणींचे मी मनापासून आभार मानतो. माझ्याशी आई आणि सासूबाई अजून छकुलीमार्फतच बोलतात. त्याचीही माझी तक्रार नाही. दूध आता उतू जात नाही.

ताजी माहिती अशी: काल दिग्दर्शकाचा फोन आला. पुढच्या पर्वात त्याला विहिणींची एक जोडी हवी आहे. दोघींनी विचार करून सांगतो म्हटलं आहे. आत्ता मी हे लिहितोय आणि स्वयंपाकघरातून "नाटकी कोणाला म्हणालात?" असा आवाज येतोय. त्यापाठोपाठ कपाट आपटलं. हा सराव आहे की खरं भांडण, याला हे पान सोडेपर्यंत दुजोरा मिळू शकलेला नाही. आत जाऊन विचारायचं माझं धाडस नाही, आणि छकुली झोपली आहे.