पिंपळाखालचं इंजिन

"बुवा देवळात येतील ते आमच्या फटफटीतूनच! आणि नाही आले, तर या वर्षापासून बुवांचा मुक्काम तुमच्याकडे, मोहनराव!"

राममंदिराच्या सभामंडपात, भर मंडळाच्या बैठकीत प्रतापराव गुळवे असं बोलून गेले. मंडळी, ज्यांनी कीर्तनाचं वेड अनुभवलंय त्यांनाच या वाक्याचं वजन कळेल. लक्ष्मणबुवा देवासकर दर गुढीपाडव्याला इंदूरला यायचे, रामनवमीपर्यंत नऊ दिवस कीर्तन करायचे, आणि मुक्काम गुळव्यांकडे. प्रतापरावांचे वडील, म्हणजे दादा, हयात होते तेव्हापासूनचा हा रिवाज. पहाटे बुवांचा रियाज आपल्या माजघरात व्हावा, त्यांच्या पानात आपण वाढलेला वरणभात पडावा, यापलीकडे प्रतापरावांना या जन्मात काही नको होतं. आणि नेमकं तेच त्यांनी पणाला लावलं!

मोहनराव तारे विजय नगरवाले. फ्लॅट आठव्या मजल्यावर, लिफ्ट, एसी, दारात पांढरीशुभ्र मोठी गाडी. बुवांचा मुक्काम आपल्याकडे हलवायला ते कित्येक वर्षं टपलेले. त्यांनी नुसतं सुपारीचं खांड तोंडात टाकलं आणि म्हणाले, "ठरलं मग. पण फटफटी चालू आहे ना, प्रतापराव?"

"चालू? अहो, नुसता पाय लावायचा अवकाश!"

घरी आल्यावर प्रतापरावांनी पाय लावला. किक जागची हलली नाही. प्रतापराव मात्र हलले. थेट शेवंतीच्या कुंडीत जाऊन बसले.

फटफटी दादांची. विलायती, होळकरी अमलातली, बाजूला होडीसारखी साइडकार. तरुणपणी बुवा याच साइडकारमध्ये वीणा मांडीवर घेऊन देवळात जायचे, आणि मागच्याच वर्षी निघताना म्हणाले होते, "प्रतापराव, एकदा पुन्हा त्या होडीत बसायचंय हो." तेवढ्यावर हा सगळा बार उडाला होता. दादा गेल्यापासून गाडी ताडपत्रीखाली समाधी लावून बसली होती.

"अहो, कुंडीतून उठा," त्यांच्या पत्नी शुभदाताई म्हणाल्या. "आणि बोलायच्या आधी ताडपत्री तरी उचलून बघायची!"

दुसऱ्या दिवशी शाम मिस्त्री आला. हा इसम बोलण्यात वाघ. इंजिनावर कान ठेवून त्यानं डोळे मिटले, जणू नाडीपरीक्षा चाललीय.

"अंकलजी, पिस्टन जाम है. जंग पकड़ गया. जबरदस्ती करोगे तो टूटेगा."

"मग काय करायचं रे भिया?"

"तेल पिलाओ. ये प्लग का छेद है ना, इसमें रोज तेल. एकदम पतली धार, बूँद-बूँद. प्यार से खुलेगा."

मग त्यानं बॅटरी मारून त्या भोकातून आत पाहिलं आणि जीभ चावली. ज्या लोखंडी नळकांड्यात पिस्टन वरखाली होतो, त्याला मिस्त्री लोक ब्लॉक म्हणतात. तो आतून गंजून देवीच्या व्रणासारखा झाला होता. "ब्लॉक तो गया अंकल. दूसरा ढूँढो. तब तक पिस्टन छुड़ाओ."

इंजिन गाडीतून उतरवलं. आता ठेवायचं कुठे? शुभदाताईंनी उंबऱ्यातच हात आडवा केला. "ते काळं धूड माझ्या घरात नाही येणार! रॉकेलचा वास देवघरापर्यंत जातो!" तेव्हा शामनं आणि प्रतापरावांनी ते उचलून गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पिंपळाच्या पारावर ठेवलं.

इथे, मंडळी, पूर्वरंग संपला. आता आख्यान!

थेंब थेंब तेल सोडायचं म्हणजे कसं? प्रतापरावांचा हात कापायचा. मग त्यांना युक्ती सुचली. घरात महादेवाचं पितळी अभिषेकपात्र होतं. तळाला बारीक भोक, तिकाटण्यावर टांगायचं. त्याच्याइतकी समान धार जगात कोण धरणार? रोज सकाळी पूजा आटोपली की प्रतापराव सोवळ्यातच पारावर जायचे, पात्र टांगायचे, तेल भरायचे आणि रामरक्षा म्हणत उभे राहायचे. रामरक्षा संपली की तेल बंद. घड्याळ कोण घालणार सोवळ्यात? रात्री कुत्र्यांनी तोंड घालू नये म्हणून वर एक लाल फडका बांधायचे.

आता तुम्हीच विचार करा. पिंपळ. काळं लोखंड. लाल वस्त्र. वरून तेलाची धार. समोर सोवळ्यातला ब्राह्मण हात जोडून. माळव्यातला माणूस काय समजेल?

तिकडे प्रतापराव ब्लॉक शोधत लोहामंडी पालथी घालत होते. तिथली तऱ्हा अशी, की वस्तू नाही हे सांगण्याआधी माणसाला खाऊ घालायचं. "ब्लॉक? अरे बैठो तो सही भिया, पोहे खाओ!" पहिल्या दुकानात पोहे, दुसऱ्यात कचोरी, तिसऱ्यात पुन्हा पोहे, वर जिरावन मसाला भुरभुरलेला. जुन्या सुट्या भागांचा बडा व्यापारी म्हणजे पियुष सेठ. त्याच्या दुकानात लोखंड छतापर्यंत रचलेलं. त्यानं जिलबी पुढे करत मान हलवली. "इतना पुराना ब्लॉक? अंकल, होगा तो भी इस पहाड़ में कहाँ है, ये मैं नहीं जानता. अभी मेरी साढ़ेसाती चल रही है, मेरे से कुछ नहीं मिलता!"

प्रतापराव परत आले ते रिकाम्या हातांनी आणि भरल्या पोटानं. बघतात तर इंजिनावर जास्वंदीचं फूल!

वाऱ्यानं पडलं असेल म्हणून त्यांनी ते अलगद काढून ठेवलं. शनिवारी सकाळी तिथे उडीद होते, काळे तीळ होते, आणि कोणीतरी मोहरीच्या तेलाची अख्खी बाटली ओतून गेलं होतं.

"हा काय प्रकार?" ते ओरडले.

समोरच्या मंजुषावहिनी तांब्या घेऊन उभ्याच होत्या. "भावजी, तुम्ही तर छुपे रुस्तम निघालात! शनिमहाराज आणले आणि गल्लीत कोणाला बोलला पण नाहीत!"

"अहो वहिनी, हे फटफटीचं इंजिन आहे!"

"हाओ हाओ. देवाचं गुपित असंच ठेवतात."

"अहो, खरंच इंजिन! हा बघा प्लग लावायचा..."

"बोट लावू नका हो देवाला!"

पुढच्या शनिवारपर्यंत बातमी राजवाड्यापर्यंत गेली. मंजुषावहिनींच्या भाचीला, खुशीला, नोकरी लागली. तिनं सहज इथे दिवा लावला होता, झालं! देव नवसाला पावतो हे सिद्ध झालं. कोणी म्हणालं स्वयंभू आहे, पिंपळाच्या मुळातून वर आलं. इंजिनाला हवा लागावी म्हणून ब्लॉकवर ज्या पट्ट्या असतात, त्या विभूतीच्या रेघा ठरल्या. कार्बोरेटरला शेंदूर लागला आणि त्यावर चांदीचे डोळे बसले. नारळवाला आला. चपला सांभाळणारा आला. कचरागाडीवाल्यानं येऊन निर्माल्याला वेगळी कुंडी ठेवली आणि "गीला कचरा इसमें, सूखा उसमें" असं बजावून तोही पाया पडून गेला!

प्रतापरावांची झोप उडाली. पाडवा तोंडावर आलेला. पाडवा रविवारी, आणि आदल्या दिवशी शनिवारी अमावस्या. म्हणजे शनि अमावस्या! त्या दिवशी तर इंजिनाजवळ मुंगीलासुद्धा वाट मिळायची नाही. म्हणून शुक्रवारी तिन्हीसांजेला ते शामला घेऊन पारावर गेले. शामनं आत बोट घातलं आणि हर्षानं किंचाळला, "अंकल! पिस्टन हिल गया! इतना तेल तो मैंने जिंदगी में किसी इंजन को नहीं पिलाया!"

"शू! उचल, उचल लवकर!"

दोघांनी दोन बाजूंनी हात घातले, तोच मंजुषावहिनींची आरोळी, "धावा! देव पळवतायत!"

पुढच्या क्षणी गल्ली गोळा झाली. शाम तर उडी मारून पहिला पाया पडला. प्रतापरावांनी धरलेलं सोडलं नाही, पण चेहरा मात्र नमस्काराचा केला. "मी... जरा... आलिंगन देत होतो," ते म्हणाले. लोकांचे डोळे भरून आले.

शनिवारी सकाळी रांग थेट मोठ्या रस्त्यापर्यंत. प्रतापराव ओट्यावर डोकं धरून बसलेले. आणि त्या रांगेत कोण? पियुष सेठ! अनवाणी, कपाळाला टिळा, दोन्ही हातांत लाल कापडात गुंडाळलेलं काहीतरी जड. ज्योतिषानं त्याला सांगितलं होतं, दुकानातलं सगळ्यात जुनं लोखंड शनीला वाहा. बिचाऱ्यानं सगळा डोंगर उपसला आणि अगदी तळचा जिन्नस आणला. त्यानं कापड सोडलं, आणि प्रतापराव ताडकन उभे राहिले.

ब्लॉक! तोच! तीच मापं, तेच बोल्टचे कान, ग्रीसमध्ये जपलेला, कोरा करकरीत!

"जय शनिदेव," म्हणत सेठनं तो इंजिनासमोर ठेवला आणि मोकळा होऊन निघून गेला.

प्रतापराव दोन पावलं पुढे गेले आणि थबकले. देवाला वाहिलेली वस्तू! देवाच्या पुढ्यातून उचलायची? ज्या माणसानं उभ्या आयुष्यात नैवेद्याआधी जिभेला साखर लावली नाही, त्यानं? बरं, हा देव नाही हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? पण समोर आजीबाई कपाळ टेकवून रडतेय, तिचं मागणं काय खोटं? उचलावा तर चोरी. न उचलावा तर बुवा आठव्या मजल्यावर!

"उचला की!" शुभदाताई दारातून कुजबुजल्या.

"पाप लागेल गं!"

"मग बसा. मी बुवांची शाल आणि गादी बांधायला घेते, मोहनरावांकडे पाठवायला."

तेवढ्यात पांढरी गाडी गल्लीच्या तोंडाशी येऊन गर्दीत अडकली. मोहनराव बुवांना स्टेशनवरून घेऊन आले होते. बुवा उतरले, धोतराचा सोगा सावरला. मोहनरावांनी गोड आवाजात विचारलं, "काय प्रतापराव, फटफटी कुठाय?"

"ती... पूजेत आहे."

बुवांनी रांगेतून पुढे होत दर्शन घेतलं, चांदीच्या डोळ्यांत डोळे घालून पाहिलं, आणि हळूच म्हणाले, "प्रतापराव, हे दादांच्या गाडीचं इंजिन ना?"

प्रतापरावांचा बांध फुटला. तिथेच पारावर बसून त्यांनी ब्लॉकपासून मुक्कामापर्यंत सगळं सांगितलं. बुवांनी ऐकून घेतलं, उपरणं झटकलं आणि कीर्तनाला उभं राहावं तसे उभे राहिले.

"मंडळी! फसू नका. हे इंजिन आहे. फटफटीचं. मी स्वतः हिच्यात बसलोय."

गर्दीत कुजबुज सुरू झाली. मग मंजुषावहिनी पुढे आल्या. "बुवा, मागच्या वर्षी तुम्हीच प्रल्हादाचं आख्यान लावलं होतं ना? देव खांबात असतो म्हणालात."

"म्हणालो."

"मग खांबात असतो तर इंजिनात का नसेल?"

मंडळी, अख्खी हयात ज्यांनी शास्त्री-पंडितांना हरवलं, त्या लक्ष्मणबुवा देवासकरांनी त्या पारावर मंजुषावहिनींपुढे हात जोडले! त्यांनी शेंडीवरून हात फिरवला. मग एकदम त्यांचा चेहरा उजळला.

"बाई, तू मला जिंकलंस! पण मग माझंही एक ऐक. सेठनं हा ब्लॉक कोणाला वाहिला?"

"या देवाला."

"मग तो देवाच्या पुढ्यात धूळ खात का पडलाय? दागिना देवाच्या अंगावर घालायला नको?"

"बोलो शनिमहाराज की..." गर्दीनं जयजयकार केला. प्रतापरावांना तर वाटलं, आत्ताच बुवांच्या पायावर लोळण घ्यावी. ज्याचं त्याला! चोरी नाही, पाप नाही!

पिंपळाभोवती चादरीचा पडदा धरला. देवाचा शृंगार चाललाय म्हणून बाहेर बायकांनी भजन धरलं, आणि आत शाम पाना-पक्कड चालवू लागला. मंजुषावहिनींनी जाहीर केलं की देव आता वाहनावर बसणार. त्यामुळे गाडीसुद्धा लोकांनीच खांद्यावर उचलून आणली! सूर्य मावळायच्या आत इंजिन जागेवर बसलं. प्रतापरावांनी पडद्याआडच रामनाम घेतलं आणि किक मारली. एक. दोन. तिसरीला... फट्! फट् फट् फट्! मोहरीच्या तेलाचा असा धूर निघाला की अख्ख्या गल्लीला भजी तळल्याचा वास सुटला.

"देव बोलला!" मंजुषावहिनी ओरडल्या.

पाडव्याची सकाळ. दारोदार गुढ्या. प्रतापरावांनी रेशमी टोपी घातली, गाडीला हार घातला. बुवा वीणा घेऊन साइडकारमध्ये बसले आणि डोळे मिटून जपाला लागले. मोहनराव समोर उभे, चेहरा कारल्यासारखा. प्रतापरावांनी मोठ्या थाटात पाय उचलून किकवर ठेवला.

"थांबा भावजी!" मंजुषावहिनी आडव्या आल्या. "देवाला लाथ मारता?"

"अहो, लाथ नाही, किक..."

"काल पडद्याआड काय केलंत ते केलंत. आज चारचौघांत नाही चालणार! देव कधी स्वतः चालतो का? पालखी खांद्यावर जाते, रथ दोरानं जातो. ए पोरांनो, दोर आणा!"

"अहो, पण ती चालू होते! खरंच चालू होते! एकदा तरी..."

कोण ऐकतंय? पुढच्या दांड्याला दोर बांधले गेले. एका दोराचं टोक वहिनींनी मोहनरावांच्याच हातात दिलं. "घ्या, पुण्य लागेल." शनिमहाराजांच्या तोंडावर नाही कोण म्हणणार? मोहनरावांनी बूट काढले आणि ओढायला लागले. टाळ झडू लागले. फटफटी निघाली. राजवाड्याच्या बाजूनं वळताना लोकांनी फुलं टाकली. चौकात कोणीतरी दोन पराती भरून पोहे आणले, तेव्हा सगळे ओढणारे दोर टाकून खायला बसले. मग पुन्हा उठले, पुन्हा ओढू लागले. प्रतापराव सीटवर, एक पाय किकवर तसाच ठेवून, नवरदेवाच्या घोड्यावर चुकून बसवलेल्या करवल्यासारखे!

देऊळ दिसू लागलं तेव्हा बुवांनी जप संपवून डोळे उघडले. त्यांच्या चेहऱ्यावर नुसतं समाधान.

"वा प्रतापराव, वा! दादांच्या वेळी हाडं खिळखिळी व्हायची, डोळ्यांत धूर जायचा. आता धक्का नाही, धूर नाही! काय दुरुस्ती केलीत हो! मुक्काम तर तुमच्याकडेच, वर पुढच्या वर्षी मी देवासहून हिच्यातच येतो."

दोर ओढणाऱ्या मोहनरावांनी चमकून मागे पाहिलं. प्रतापराव काहीतरी कबूल करायला तोंड उघडणार, तोच बुवांनी झुकून अस्सल गाडीवाल्याच्या कुतूहलानं विचारलं,

"लिटरला किती जाते?"

प्रतापरावांनी पुढे धापा टाकणाऱ्या मंडळींकडे पाहिलं.

"नक्की नाही सांगता यायचं, बुवा," ते कसनुसं हसत म्हणाले. "इथवर यायला दोन पराती पोहे लागलेत."