मास्तरांसकट खुर्ची

एकोणीसशे सत्त्याहत्तर साल. त्या वर्षी टेलरमास्तरांची आई न्हाणीघरात पाय घसरून पडली, आणि हाड जुळून आलं तरी अंथरूण सोडीना. डॉक्टर सांगून गेले, "आता दुखणं हाडात नाही, भीतीत आहे. रोज थोडा वेळ खुर्चीत बसवा, मग उभं करा. अशाच पडून राहिल्या तर पाय कायमचे जातील."

सांगणं सोपं होतं. पण उभा जन्म मुलाच्या दुकानात बुटक्या स्टुलावर बसून काजंबटणं केलेल्या या बाईला घरातली एकही खुर्ची पसंत पडेना. लोखंडी खुर्ची पाठीला गार लागते, घडीची खुर्ची कधी मिटेल त्याचा नेम नाही, आणि दुकानातल्या बाकावर बसलं की आपणच गिऱ्हाईक आहोत असं वाटतं.

"पूर्वी कशा खुर्च्या असायच्या! बसलं की दोन्हीकडून हात धरायचे माणसाला. पडायची भीती नाही," एवढं बोलून ती भिंतीकडे तोंड करून झोपे.

सुनेने ते वाक्य धरून ठेवलं. रोज सकाळी अंग पुसताना सासूबाईंच्या पोटऱ्या उतरत चाललेल्या तिला दिसत. ती लग्न होऊन आली तेव्हा तिला साधं बटण लावता येत नव्हतं. याच बाईने शेजारी बसवून, हाताला हात धरून शिकवलं होतं, आणि कुणापुढे कधी तिची चूक काढली नव्हती. ही बाई उठायलाच हवी होती.

"अहो, जुन्या सामानाच्या दुकानात बघू या का?" ती नवऱ्याला म्हणाली.

मास्तरांनी लगेच गळ्यातली टेप काढली आणि झोपलेल्या आईचं माप घ्यायला सुरुवात केली. पाठ, कंबर, गुडघ्यापासून टाच.

"अरे, झगा शिवतोयस का मला?"

"खुर्ची बेततोय, आई."

"बेत. पण आणण्याआधी बसून बघ. पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून होईतो बसायचं. त्याशिवाय खुर्ची कळत नाही."

हा त्या घराचा नियमच होता. घरातला एकन् एक पाट, बाक आणि स्टूल असा पेपर वाचून पास झालेला होता. मास्तरांनी सकाळचा पेपर काखेत मारला.

जुन्या सामानाचा दुकानदार प्रत्येक खुर्चीची ओळख घरातल्या वडीलधाऱ्या माणसासारखी करून देई. "ही डोलखुर्ची. हिच्यात एका बाईंनी सात मुलं झोपवली."

"आईंना गरगरेल," सून म्हणाली.

"मग ही आरामखुर्ची. काय लांब हात आहेत बघा."

"ही तर झोपायची. झोपूनच आहेत त्या."

शेवटी कोपऱ्यातल्या कपाटामागून एक खुर्ची निघाली. शिसवी लाकडाची, वेताच्या बैठकीची, उंच पाठीची. आणि हात अलगद आत वळलेले, कुणाला जवळ घ्यावं तसे. बघताक्षणीच सुनेचं मन बसलं. मास्तरांनी टेप लावली आणि त्यांचे डोळे लकाकले. "अगं, आईच्या अंगावर बेतल्यासारखी आहे!"

"मग घेऊ या."

"पेपर?" मास्तर म्हणाले.

आता आईचं अंग म्हणजे मूठभर, आणि मास्तर म्हणजे दोन पोत्यांच्या मधलं तिसरं पोतं. पण जन्मभर कापड कापणाऱ्या माणसाचा एक विश्वास असतो, की घट्ट झालं तर थोडं सैल करता येतं. ते आधी तिरके झाले, मग श्वास रोखून खाली सरकले आणि बसले. पेपर उघडला. हवामानापासून हरवल्या-सापडल्यापर्यंत सगळा वाचला.

"पसंत!" असं म्हणून ते उठले. खुर्चीही उठली.

"बसा, बसा!" दुकानदार ओरडला. मास्तर खुर्चीसकट बसले.

दुकानदाराने मागून खुर्ची धरली, सुनेने पुढून नवरा धरला.

"हळू! हात निखळेल!" दुकानदार म्हणाला.

"नाही, माझे हात मजबूत आहेत," मास्तर म्हणाले.

"तुमचा नव्हे हो, खुर्चीचा!"

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आत आलं, मास्तरांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळून म्हणालं, "फक्त खुर्चीच मिळेल ना?"

सुनेला एव्हाना खरं कारण कळलं होतं. नवऱ्याच्या विजारी तीच धूत होती. दोन्ही खिशांत दोऱ्याची रिळं, खडू, बटणांच्या डब्या असा अर्धा संसार. बसताना तो खाली दबला होता आणि उठताना खुर्चीच्या हातांखाली अडकत होता. खिशात हात जायला जागा नव्हती.

"अहो, खिशांपाशी शिवण उसवते. रिळं पडली की सुटाल."

मास्तर लाल झाले. "भर बाजारात शिंप्याची विजार उसवणार? 'शिवण मरेपर्यंत टिकेल' अशी पाटी आहे माझ्या दुकानावर! उद्या कापड कोण देईल?"

"मग हात कापू?" दुकानदाराने विचारलं. आता कुणाचे ते त्यालाच विचारावं लागलं असतं, पण लगेच तोच कळवळून म्हणाला, "नको, नको! किती पिढ्यांची खुर्ची ही!"

विजार उसवायची नाही आणि खुर्ची कापायची नाही म्हटल्यावर हातगाडीच उरली. मास्तर गाडीवर विराजमान झाले आणि पेपर तोंडासमोर धरून बसले. दुकानदार गाडीबरोबर निघाला, खुर्चीच्या काळजीने. सून दुसऱ्या बाजूने, नवऱ्याच्या. पण पेपराने तोंड झाकलं तरी गळ्यातली टेप झाकेना.

"मास्तरांना काय झालं हो?"

"पाय गेले वाटतं!"

एक तरुण धापा टाकत गाडीच्या बरोबरीने पळू लागला. "मास्तर, देवाची करणी, आपल्या हातात काय असतं! पण माझा लग्नाचा कोट झालाय का?"

"बाह्या राहिल्यात," पेपरामागून आवाज आला.

"वाचा आहे! वाचा शाबूत आहे!" तो आनंदाने ओरडला आणि डॉक्टरांना बोलवायला धावला.

गाडी हळू चालते, बातमी पळत जाते. गाडी गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हा शेजारीण खिडकीत तोंड घालून सासूबाईंना सांगत होती, "अहो, तुमच्या मुलाला खुर्चीत घालून आणताहेत!"

गाडी दाराशी थांबली. सुनेने वर पाहिलं आणि तिच्या हातातली पिशवी गळून पडली. दारात सासूबाई उभ्या होत्या. एक हात चौकटीवर, केस सुटलेले, पाय लटपटताहेत, पण उभ्या.

"काय रे झालं?"

"अडकलोय, आई," मास्तरांनी पेपर खाली केला.

सासूबाईंनी वरपासून खालपर्यंत एकदा नजर टाकली. "खिशात रिळं?"

"हो."

"ही काही बोलली नाही?"

"बोलली. उसवू म्हणाली."

"मग हिचं ऐकायला काय झालं होतं? पाट्या वाचून का शिवण टिकते! अगं, माझी कात्री आण."

दारात जमलेल्या चौघांनी मास्तरांसकट खुर्ची आत ठेवली. सासूबाई भिंत धरत, सुनेचा खांदा धरत आल्या, वाकल्या, आणि खुर्चीच्या हाताखालून बोटं घालून टाके सोडवू लागल्या. पहिलं रीळ टुणकन पडून कपाटाखाली गेलं. मग खडू. मग बटणांचा पाऊस. खिशाशी थांबेल ती शिवण कसली. मास्तर सुटले तेव्हा विजारीच्या दोन्ही बाजू कंबरेपासून गुडघ्यापर्यंत मोकळ्या झाल्या होत्या. त्यांनी झटकन पेपर कंबरेला गुंडाळला.

तेवढ्यात डॉक्टर बॅग घेऊन आत शिरले. "पेशंट कुठाय?" आणि समोर पाहून थबकले. "आजी! तुम्ही उभ्या?"

"मग काय झोपून उसवू?" सासूबाई म्हणाल्या.

आणि आपण उभ्या आहोत हे तेव्हा त्यांच्याही ध्यानात आलं. पाय लटलट कापू लागले. सुनेने रिकामी खुर्ची पटकन मागे सरकवली. सासूबाई तिच्यात अलगद उतरल्या. पाठ पाठीला, कोपर हाताला, टाच जमिनीला.

"मापात चूक नव्हती!" मास्तर पेपर सावरत म्हणाले.

सासूबाईंनी खुर्चीच्या हातांवरून बोटं फिरवली. जरा वेळ बसल्या. मग म्हणाल्या, "चांगली आहे. पण टेकून काजं होत नाहीत. मला माझं स्टूलच द्या. हिच्यात तू बस गं."

"मी?"

"या घरात आल्यापासून चहा चौकटीला टेकून पितेस. मला दिसत नाही होय? बस. पेपर वाच सगळा."

"पेपर यांनी नेसलाय, आई," सून म्हणाली, आणि मग हसताना तिच्या डोळ्यांत पाणी कसं आलं ते तिचं तिलाच कळलं नाही.

त्या नवरदेवाचं लग्न वेळेवर झालं, दोन्ही बाह्यांसकट. दुकानदाराने दारावर पाटी लावली: 'बसण्यापूर्वी खिसे रिकामे करावेत.' डॉक्टर कितीतरी वर्षं घाबरट पेशंटांना ही हकीकत औषधासारखी सांगत राहिले. मास्तरांनी आपली पाटी उतरवली आणि त्यानंतर स्वतःच्या विजारीला कधी खिसे शिवले नाहीत. सासूबाई पुढे पुष्कळ वर्षं जगल्या, दुकानात चालत गेल्या, चालत आल्या, आणि शेवटच्या आजारात सुनेला म्हणाल्या, "तू खुर्ची शोधलीस म्हणून मी स्टुलावर बसले."

सून अजून त्याच खुर्चीत पेपर वाचते, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. लग्न होऊन आली तेव्हा तीही मूठभर होती, आता तशी राहिलेली नाही. म्हणून बसण्याआधी घरात कुणी आहे ना, याची ती हाक मारून खात्री करून घेते.