अकरा वीसचा सलाम

"सकाळी साडेसातला गाडी हलणार! आठ सव्वीसला किटली, नऊ चाळीसला बाटल्यांचा महाल आणि अकरा वीसला लोखंडी माणूस. एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. उगाच कुणी आरशासमोर रेंगाळायचं नाही!"

आदल्या संध्याकाळी घड्याळबुवांनी ही घोषणा केली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे एक कटाक्ष टाकला. जणू ते घड्याळ त्यांच्याच हाताखाली नोकरीला होतं!

घड्याळबुवा हे त्यांचं डेपोतलं नाव. सहा महिन्यांपूर्वी निवृत्त होईपर्यंत एकतीस वर्षं त्यांनी एकाच रस्त्यावर बस चालवली आणि एकदाही उशीर केला नाही. रस्त्याकडेच्या बायका म्हणे त्यांची बस दिसली की दूध तापत ठेवायच्या. या एकतीस वर्षांत वाटेवर जे जे दिसलं ते त्यांनी घरी येऊन सांगितलं. जेवताना सांगितलं, हात धुताना सांगितलं, निघालेल्या पाहुण्यांच्या मागे जिना उतरून सांगितलं. रस्त्याकडेला चाळीस फुटांची किटली आहे. पुढे नुसत्या बाटल्यांनी बांधलेला महाल आहे, उन्हात असा झळकतो की डोळ्यांवर हात धरावा लागतो. आणि त्याच्याही पुढे दोन मजली लोखंडी माणूस आहे, तो जाणाऱ्या बसला सलाम करतो. हो, हात वर करून!

एक गोष्ट मात्र ते सांगत नसत. यांतल्या एकाही ठिकाणी ते कधी खाली उतरले नव्हते. उतरणार कसे? तिथे थांबाच नव्हता! जे पाहिलं ते धावत्या बसच्या काचेतून, आणि तेही दीड डोळा रस्त्यावर ठेवून.

घड्याळबुवांचे साडू जमीन मोजण्याच्या खात्यातून निवृत्त झालेले. कुठेही गेले तरी खिशात मोजायची टेप असायचीच. गेल्या आठवड्यात ते जेवायला आले, किटलीची गोष्ट बाविसाव्यांदा ऐकली आणि शांतपणे विचारलं, "चाळीस फूट? कोणी मोजली?"

पानावर सगळ्यांचे हात थांबले. घड्याळबुवांच्या बायकोने वाढता वाढता डाव खाली ठेवला.

"बरोबर विचारलंत," ती म्हणाली. "एकतीस वर्षं ऐकतेय मी. एकदा दाखवाच आम्हाला! तीनांतलं एक, फक्त एक जरी तुम्ही सांगता तसं निघालं, तर जन्मभर चकार शब्द न काढता ऐकीन. नाही निघालं, तर यापुढे पाहुण्यांसमोर तुमची एकही गोष्ट नाही. हवा कशी आहे विचारायचं आणि गप्प बसायचं."

गोष्टींशिवाय घड्याळबुवा म्हणजे चाकांशिवाय बस! पण साडू समोर बसलेला. माघार कशी घेणार?

"एक कशाला, तिन्ही दाखवतो!" ते गरजले.

तर अशी ही सहल. शेजाऱ्यांची आठ जणांची व्हॅन मागून आणली. घड्याळबुवा चाकाशी, शेजारी बायको, मागे साडू आणि मेव्हणी. मेव्हणीला गाडी लागते, म्हणून ती डोक्यापासून पायापर्यंत शालीत गुंडाळून, डोळे मिटून बसायची. लांबून बघणाऱ्याला वाटावं, कोणी गादीची वळकटी ठेवली आहे.

साडेसातला गाडी हलली. सात अठ्ठावन्नला घड्याळबुवांनी करकचून ब्रेक दाबला.

"काय झालं?" बायको दचकली.

"थांबा आहे."

"अहो, आपण सहलीला निघालोय!"

"माहीत आहे गं. पण पाय ऐकतो का?"

तेवढ्यात थांब्यावरच्या एका माणसाने मागचं दार उघडलंसुद्धा. हा एक शिंपी. त्याच्या काखेत कपडे चढवून बघायचा कापडी पुतळा. पुतळ्याला हात नाहीत, मुंडकं नाही, मानेच्या जागी फक्त एक लाकडी गोळा.

"रामराम ड्रायव्हरसाहेब! आज गाडी लहान दिली का?" असं म्हणत शिंप्याने पुतळा मेव्हणीच्या शेजारच्या सीटवर नीट बसवला, स्वतः सगळ्यांत मागे गेला आणि पाय पसरून झोपला. त्याला नाही कोण म्हणणार? एकतीस वर्षांत थांब्यावरचा एकही प्रवासी घड्याळबुवांनी मागे ठेवला नव्हता.

"कंडक्टर व्हायचंय का आता मी?" साडू कुरकुरले.

आठ सव्वीसला किटली आली. खरंच किटली होती हो! रस्त्याकडेच्या उंच बांधावर, मागे मोकळं आभाळ, सिमेंटची निळी किटली, पोटात दार आणि दारात चहावाला. घड्याळबुवांची छाती फुगली. पण मंडळी बांधावर चढली तशी ती किटली, काय सांगू, पावलागणिक लहानच होत गेली! साडूंनी टेप काढली, चहावाल्याला स्टुलावर चढवलं, टोक त्याच्या हातात दिलं आणि हाक मारली, "नऊ फूट दोन इंच! झाकणासकट!"

"मी बघायचो तेव्हा मोठी होती," घड्याळबुवा पुटपुटले.

"धुतल्यावर आटली असेल," साडू म्हणाले. खिशातून वही काढून त्यांनी आकडा टिपून ठेवला आणि खाली दोन रेघा मारल्या.

"पाच मिनिटं संपली! गाडी सुटणार!" घड्याळबुवा ओरडले. थांब्याला पाच मिनिटं म्हणजे पाच मिनिटं. चाकाशी बसून त्यांनी सवयीप्रमाणे आरशात डोकी मोजली. बायको एक. साडू दोन. शालीतली मेव्हणी तीन. शिंपी चार. सगळे आहेत! गाडी सुटली.

त्या पुढच्या तासाभरात साडूंचा आनंद बघवत नव्हता. वहीत हिशोब मांडत, मान वर न करता ते शेजारी बोलत होते. "बघितलंस? चाळीसातले तीस फूट दहा इंच नुसती हवा! मी तुला पहिल्यापासून सांगत होतो की नाही?" शेजारून काही उत्तर आलं नाही. "आणि तू मला शंकेखोर म्हणतेस! आता मान्य कर." तरीही काही नाही. साडू मनात हरखले. एवढ्या वर्षांच्या संसारात बायकोने इतका वेळ काहीच खोडून काढलं नाही, असं प्रथमच घडत होतं.

नऊ चाळीसला बाटल्यांचा महाल आला. झळकत मात्र होता. हिरव्या, तपकिरी, पांढऱ्या बाटल्यांच्या उंच भिंती, उन्हात नुसत्या लखलखत होत्या. घड्याळबुवांनी गाडी थांबवली आणि साडूंकडे असं पाहिलं की बस्स!

महालातून बनियनवर एक माणूस बाहेर आला. "बोला, किती पोती आणलीत?"

"पोती? आम्ही महाल बघायला आलो आहोत."

"कुठला महाल?" त्याने मागे वळून पाहिलं. "हा माल आहे साहेब! जुन्या बाटल्यांचा धंदा आपला. रचून ठेवतो, ट्रक येतो, घेऊन जातो. परत रचतो."

"पण एकतीस वर्षं..."

"एकतीस वर्षं ट्रक येतोय की!"

साडूंना आनंद आवरेना. त्यांनी टेप उघडली. "महाराजांचा दिवाणखाना कुठून कुठपर्यंत धरायचा? अगं, उतर खाली, हे टोक धर जरा!" गाडीतून हालचाल नाही. "अगं, झोपलीस काय?" म्हणत साडूंनी दारातून हात घालून शाल ओढली.

शालीखाली पुतळा होता.

"घड्याळबुवा! माझी बायको कुठे आहे?"

मागे शिंपी डोळे चोळत उठला. "त्या बाई? त्या तर किटलीपाशी उतरल्या होत्या. जाता जाता म्हणाल्या, बिचारा उघडाच बसलाय, बरं दिसत नाही. शाल त्याच्यावर घालून गेल्या."

"मी डोकी मोजली होती!" घड्याळबुवा म्हणाले.

"त्याला डोकं आहे कुठे?" साडू ओरडले.

"आणि तुम्ही तासभर गप्पा मारत होतात ना तिच्याशी?" बायकोने साडूंना विचारलं. साडूंनी टेप हळूच खिशात सरकवली. आजच्या दिवसात पहिल्यांदाच त्यांच्याकडे आकडा नव्हता.

गाडी वळवून परत जायचं, तर मेव्हणी तिथून निघाली असली म्हणजे? चहावाल्याचा फोन नंबर कोणाकडेच नाही. मेव्हणीचा फोन होता, पण तो साडूंच्याच पिशवीत वाजत होता. भांडत भांडत अर्धा तास गेला. इतक्यात मागून रोजची बस आली आणि बाटल्यांच्या ढिगासमोर चक्क उभी राहिली! दारातून मेव्हणी उतरली. तोंड लाल, नाक आभाळात.

घड्याळबुवा धावत पुढे गेले, ते तिच्याकडे नव्हे, तर बसच्या ड्रायव्हरकडे. "अरे, इथे थांबा नाही! कुठेही काय थांबवतोस? आणि बस एकोणतीस मिनिटं उशिरा!"

"भावजी!" मेव्हणी कडाडली. "त्याने थांबवली म्हणून मी दिसतेय तुम्हाला! दोन घोट चहा घेऊन मागे वळते, तर गाडी पुलापार! आणि अहो, तुम्ही! शेजारी बसलेली आपली बायको गाडीत आहे की नाही, एवढंही मोजता येईना?"

"मला वाटलं, तू आज माझं ऐकून घेतेस..." साडू म्हणाले, आणि त्यापुढे मेव्हणी काय बोलली ते लिहिण्यासारखं नाही.

पुढे वाटेत शिंपी त्याच्या उतरण्याच्या जागी उतरला आणि जाताना पुतळ्याला म्हणाला, "चल बाबा, आपल्यामुळे या लोकांत फार झालं." बायको तेवढ्यावर हसली, पण लगेच खिडकीबाहेर पाहू लागली. घड्याळबुवांनी तिच्याकडे चोरून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हेच वाईट होतं. रागावली असती तर भांडता तरी आलं असतं. ती हिरमुसली होती. इतकी वर्षं ती टोकत असे, हसत असे, पण रात्री भांडी आवरताना तीच तर विचारायची, "मग आज काय दिसलं?" किटली गेली, महाल गेला. आता ती जुन्या गोष्टीही विचारणार नाही, आणि हे नुसते हवेवर बोलत बसणार.

अकरा सत्तावन्न झाले होते. आयुष्यात पहिल्यांदा उशीर, तोही सदतीस मिनिटांचा! वळण आलं आणि गॅरेजसमोरचा लोखंडी माणूस दिसला. सायलेन्सरचे पाय, इंधनाच्या टाकीचं पोट, हेडलाइटचे डोळे. दोन मजली नव्हता. असेल साडूंच्या दुप्पट. आणि त्याचे दोन्ही हात खाली लोंबत होते.

"सलाम कुठे आहे?" साडूंनी हळूच विचारलं. आता त्यांच्यातही जोर उरला नव्हता.

घड्याळबुवांना बोलवेना. पण एकतीस वर्षांची सवय बोलते ना! तो आकार काचेत आला आणि त्यांचा हात आपोआप हॉर्नवर गेला. पों, पों, पोंऽऽ! आणि तोच हात कपाळाला लागला.

गॅरेजमध्ये काहीतरी धाडकन पडलं. एका गाडीखालून काळाकुट्ट मेकॅनिक सरपटत बाहेर आला, भिंतीकडे झेपावला आणि एक दोरी खस्सकन ओढली. किर्रर्र आवाज करत लोखंडी माणसाचा उजवा हात वर गेला, थेट कपाळापर्यंत!

"अहो! खरंच करतो हो!" बायको सीटवरून अर्धी उठली. "बघा, बघा, खरंच सलाम करतो!"

घड्याळबुवांनी डोळे पुसले. धूळ फार होती तिथे.

मेकॅनिक धावत आला. "तुम्ही! जिवंत आहात होय? सहा महिने झाले, तो नवा ड्रायव्हर बघतसुद्धा नाही इकडे. हॉर्न ऐकला आणि म्हटलं, हाच तो!"

"सांगा यांना, हा रोज सलाम करायचा की नाही?"

"करायचा की. पण आधी तुम्ही!"

"छे! आधी त्याने केला. मी नुसतं उत्तर दिलं."

"अहो साहेब, त्याचे हात वेल्डिंगने पक्के जोडलेले होते! गॅरेज लांबून दिसावं म्हणून भंगार उभं केलं होतं. तर एक बस रोज अकरा वीसला हॉर्न देते आणि ड्रायव्हर भंगाराला सलाम ठोकतो! महिनाभर हसलो. मग म्हटलं, माणूस एवढा मान देतोय, उत्तर नको द्यायला? म्हणून खांदा कापला, त्यात बेअरिंग बसवलं, दोरी लावली." मेकॅनिकने हात पुसले. "मग काय, लोक जमायला लागले. कोणाकडे पाहुणे आले की अकरालाच इथे आणून बसवायचे. चला, म्हणायचे, भंगाराला सलाम करणारा ड्रायव्हर दाखवतो! आमच्याकडे दुसरं आहे काय बघण्यासारखं?"

साडूंनी तोंडावर रुमाल धरला. मेव्हणीचा राग एका क्षणात पळाला आणि ती साडूंच्याच खांद्यावर डोकं ठेवून खिदळू लागली. बायको तर हसून हसून दाराला टेकली.

"एक खरं निघालं," ती म्हणाली. "ठरल्याप्रमाणे ऐकीन हो तुमचं सगळं. पण मला सांगा, जे बघायला आपण एवढ्या लांब आलो, ते तर एकतीस वर्षं माझ्याच घरात होतं!"

हॉर्न ऐकून आजूबाजूच्या घरांतून लोक येऊ लागले. "आला का तो? तोच ना?" घड्याळबुवा खाली उतरले, शर्ट सारखा केला आणि ताठ उभे राहिले. आता लपवायचं काय राहिलं होतं! मेकॅनिक आपल्या म्हाताऱ्या आईला हाताला धरून घेऊन आला. "आई, बघ, सलामवाले ड्रायव्हर! रोज ओट्यावरून बघायचीस ना? आज अगदी जवळून बघ."

म्हातारीने डोळे बारीक करून घड्याळबुवांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. मग मुलाकडे वळून म्हणाली,

"एवढाच होय? बसमध्ये केवढा मोठा दिसायचा!"