नत्थुजींच्या उधईची पंगत

"माह्या कोंबडीचं अंडं अकोल्याच्या बाजारात गेलं ना, तर लोक त्याले नारळ समजून फोडतीन!"

नांदगाव खंडेश्वरच्या एसटी स्टँडवर नत्थुजींनी हे जाहीर केलं, तेव्हा त्यांच्याकडे तलंगा कोंबड्या होत्या अकरा आणि अंडी होती शून्य. एकीनंही अजून खातं उघडलेलं नव्हतं. पण नत्थुजींचं असंच. त्यांना आधी स्वप्न पडायचं, मग ते त्याच्यासाठी झोप शोधायचे.

हे स्वप्न त्यांनी अकोल्याच्या कृषी प्रदर्शनातून आणलं होतं. कोंबडीला किड्यांसारखा खुराक नाही, आणि किडे घरच्या घरी पोसता येतात! मडक्यात ओलं शेण, कापसाच्या पऱ्हाटीच्या काड्या, पोत्याच्या चिंध्या कोंबायच्या आणि ते ओल्या जमिनीवर पालथं घालायचं. दोन दिवसांनी उचललं की आत उधईची, म्हणजे वाळवीची, जत्रा! मग बुडावर काठीनं टक टक टक केलं की उधई खाली आणि कोंबड्या तिच्यावर.

उन्हात ओल टिकेना, म्हणून नत्थुजींनी सात मडकी घराच्या भिंतीला लागून सावलीत मांडली.

"अवो," घरधनीण कौशल्याबाई म्हणाल्या, "भितीले लागून उधई पोसते काय कोनी? घर खाईन ते!"

"घरात खाण्यासारखं हाये काय? सिमेंट, पत्रा अन् तुह्या भावाचा दिवाण. सागवानाले उधई लागत नाई. तोंड लावलं तर दात पडतीन तिचे!"

कौशल्याबाईंनी पदर सावरला. दिवाणाची गोष्ट निघाली की त्या आपोआप ताठ बसत. लग्नात अचलपूरच्या देवरावदादानं दिलेला तो दिवाण. परतवाड्याचं अस्सल सागवान! तीस वर्षांत त्यावर जो बसला, त्यानं आधी ही कथा ऐकली, मग तो पाणी प्यायला.

महिन्याभरात कोंबड्या अशा तट्ट झाल्या की गल्लीतली मांजरं त्यांना वाट देऊ लागली. ठमी नावाची तांबडी तर कुंपणावर बसली की कुंपण नमस्कार घालायचं! पण एक भानगड झाली. टकटक म्हणजे पंगत, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. कौशल्याबाईंनी खलबत्त्यात अद्रक कुटलं, कोंबड्या चुलीपाशी! शेजाऱ्यानं खिळा ठोकला, कोंबड्या त्याच्या माळवदावर!

नत्थुजींना याचं काही नव्हतं. दुपारी निंबाखाली बाजेवर पडलं की पानांची सळसळ आणि कोंबड्यांचं मऊ मऊ कुरकुरणं कानात उतरायचं. मग पांढरीशुभ्र अंडी ढगांसारखी वर निघायची. बडनेऱ्यावरून अकोल्याकडे संथ तरंगत जायची. सगळ्यात मोठ्यावर नत्थुजी, पाय खाली सोडून. खाली कापूस फुटलेला, वर अंडी, कुठं काय संपतं कळत नव्हतं. अकोल्यात मंडप. मांडीवर ठमी. दोघांना मिळून एकच शाल...

"आयकून राह्यले काय?" शालीतून कौशल्याबाईंचा आवाज आला. "आयतवारी दादा येऊन राह्यला. त्याच्यासमोर एक बी कोंबडी घरात दिसली, तर तिचा रस्सा! ठमीपासून सुरू करीन."

अंडी फटाफट फुटली.

रविवारी नत्थुजींनी अकराही जणी बांबूच्या चार डालग्यांखाली झाकल्या. वर दगड ठेवले. ठमीच्या डालग्यावर तर पाटा!

देवरावदादा आले. गुडघ्यामुळे हातात नवी काठी होती, आणि प्रत्येक वाक्याला ते काठीनं पूर्णविराम देत होते.

"काय जवाईबापू!" टक. "बरं हाये ना?" टक.

नत्थुजींनी काठीकडे हात पुढे केला. "काठी ठेवा ना बाजूले, देवरावजी."

"काहून? काठी हाये म्हनून त मी हावो!" टक टक टक.

नत्थुजींनी खिडकीतून पाहिलं. भर उन्हात चारही डालगी अंगणातून चालत येत होती! डोक्यावर दगड, खाली डझनांनी पाय, झोपेत चालल्यासारखी, हळू, एका रांगेत. सगळ्यात पुढे पाटा. क्षणभर नत्थुजींना ते फारच सुंदर वाटलं. मग रस्सा आठवला.

"असा दिवाण आता भेटत नाई," देवरावदादा बसल्या बसल्या सांगत होते. "अस्सल सागवान!" टक. "शंभर वर्सं हालनार नाई!" टक!

डालगी उंबऱ्याला अडली, कलंडली, आणि अकरा कोंबड्या आत! त्यांनी ना काठीकडे पाहिलं, ना पाहुण्याकडे. थेट दिवाणाखाली शिरल्या आणि भिंतीकडच्या पायावर तुटून पडल्या. टोच टोच टोच! दिवाणानं एक सुस्कारा टाकला, आणि दमलेल्या बैलासारखा तो गादीसकट, देवरावदादांसकट, अलगद खाली बसला. मोडक्या पायातून पांढरी उधई भसाभसा सांडली.

नत्थुजींनी ठमीला उचलून पोटाशी धरलं आणि डोळे मिटून घेतले.

पण कौशल्याबाई विळीकडे गेल्याच नाहीत. त्या वाकल्या. पायाचा तुकडा चिमटीत धरला. त्याचं पीठ झालं.

"दादा, सागवानाले उधई लागत नाई ना?"

देवरावदादा आयुष्यात पहिल्यांदा काठी न आपटता बोलले. "नाई... म्हंजे... वरतून पालिश चांगलं होतं, बाई."

"अन् आतून?"

"आतून आंबा होता."

"तीस वर्सं!" कौशल्याबाई कडाडल्या. "तीस वर्सं मी गावाले सांगून राह्यली!"

त्या दिवशी पाहुण्याला पिठलं मिळालं. तेही कोरडं. ठमीला मात्र कौशल्याबाईंनी स्वतःच्या हातानं ज्वारी घातली. या घरात खरं बोलणारी तेवढीच एक, असं त्यांचं मत झालं. घरातली चौकट अन् चौकट तपासायचं काम त्यांनी कोंबड्यांकडे दिलं. कोंबड्या घरात राहायला आल्या. मडकी कुंपणापलीकडे गेली, आणि भिंतीला उधई लावणाऱ्याची बाज गेली रिकाम्या खुराड्याशेजारी.

ठमीनं पहिलं अंडं मोडक्या दिवाणाच्या गादीवर दिलं. लिंबाएवढं.

हल्ली कौशल्याबाई जेवायला हाक मारत नाहीत. दारात उभ्या राहतात आणि ताटावर चमचा वाजवतात. टक टक टक. पोट भरलेल्या कोंबड्या जागच्या हलत नाहीत. पण खुराड्याशेजारून कोणीतरी धोतर सावरत पळत येतं, आणि ठमी खिडकीत बसून मान वाकडी करून त्याच्याकडे बघत राहते.