हिऱ्याच्या पावलांचे ठसे

दोन पायांचा असो की चार पायांचा, कोणताही जीव पुढचं पाऊल कुठे टाकणार हे घनश्याम मास्तरांना आधीच कळायचं. निदान त्यांचं स्वतःचं तसं मत होतं. आर्णीत दुसऱ्या कोणाचं नव्हतं. पण मोठ्या शोधांचं सुरुवातीला असंच असतं, हेही मास्तरांचंच मत.

शाळेत ते शास्त्र शिकवत आणि शाळा सुटली की लोकांच्या पायांकडे बघत घरी येत. डोक्यावर दोन घागरी घेतलेली बाई कमरेतून कशी चालते, लंगडं कुत्रं तीन पायांवर तोल कसा सांभाळतं, सगळं वहीत टिपलेलं. एकदा त्यांनी घरातही ज्ञान वाटून पाहिलं.

"इंदू, चालताना तुझा डावा पाय अर्धा इंच बाहेर पडतो."

"तुमचं तर डोकंच बाहेर पडलं हाय," इंदुताई म्हणाल्या, आणि दोन्ही पाय सरळ टाकत स्वयंपाकघरात गेल्या.

त्रेसष्ट सालच्या उन्हाळ्यात मास्तरांची वही बैलापर्यंत पोचली. चांगल्या बैलाचा मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशाच्या चार बोटं पुढे पडतो, म्हणून तो कमी थकतो, असा त्यांचा सिद्धांत. अकरा पानी पत्र लिहून त्यांनी तो नागपूरच्या डॉक्टर पळसोकरांना कळवला. हे डॉक्टर औषध देणारे नव्हेत. माणसं आणि जनावरं कशी चालतात यावर संशोधन करणारे. त्यांचं कार्ड आलं: 'रविवारी येतो. बैलाचे स्पष्ट ठसे दाखवावेत. उपयोगी पडल्यास माझ्या निबंधात आपले नाव छापीन.'

शेवटचं वाक्य मास्तरांनी इतक्यांदा वाचलं की कार्डाचा कोपरा मऊ पडला. त्यांचं नाव आजवर एकदाच छापून आलं होतं, मतदारयादीत. तेही वडिलांच्या रकान्यात.

ठशांसाठी लांबलचक पांढरं कापड हवं होतं. मास्तरांनी आपली सहा धोतरं पुढे केली आणि इंदुताईंनी ती टोकाला टोक शिवून दिली. "शिवीन मी," त्या म्हणाल्या, "पण सोमवारी शाळेत काय नेसून जाता, ते बी नागपूरच्या डॉक्टरले विचारून घ्या."

बैल होता डोंगरसिंगचा. डोंगरसिंग बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा, वय साठीचं, मिशा पिकलेल्या. मास्तर त्याचे सरकारी अर्ज लिहून देत, म्हणून त्याने आपला हिऱ्या एका सकाळपुरता दिला.

"मास्तर, माह्या आजानं हजार बैल हाकले. मीठ लादून मुलखाच्या त्या टोकापासून ह्या टोकापर्यंत," तो म्हणाला. "पण कोणाचा पाय कुठं पडते हे पाहाले त्यानं धोतर नाई आंथरलं."

"म्हणून तर तुझ्या आजाचं नाव निबंधात नाही, डोंगरसिंग."

"नसन. पण बैल घरी पोचत होते."

रविवारी सकाळी अरुणावतीच्या काठावर, बैलबाजाराच्या कडेला सहा धोतरांचा पट्टा अंथरला गेला. मास्तरांनी परातीत कपड्यांची नीळ कालवली, वाटीत गेरू कालवला. हिऱ्याचे पुढचे खूर निळे केले, मागचे लाल, म्हणजे ठसा कोणत्या पायाचा हे आंधळ्यालाही कळावं. बैल मागोमाग सरळ चालावा म्हणून स्वतः सरकीच्या पेंडीच्या ढेपेचा तुकडा हातात घेऊन त्याच्यापुढे, पट्ट्याच्या अलीकडच्या टोकाशी परातीजवळ अनवाणी उभे राहिले. आता फक्त डॉक्टर यायचे होते.

त्यांच्याआधी रूपसिंग दलाल आला. बाजारात बैलांच्या चार जोड्या घेऊन चालला होता, तो हिऱ्याचे खूर पाहून जागीच थांबला. दोनच महिन्यांपूर्वी तालुक्यात लाळ-खुरकूत येऊन गेली होती. तेव्हा दवाखान्यातून मोरचुदाचं निळं पाणी मिळायचं आणि ते आजारी जनावराच्या खुरांना लावत. निळा खूर म्हणजे काय, हे आर्णीत पोरासोरांनाही ठाऊक होतं. मास्तर तेवढे त्या दिवसांत कोंबड्यांवर काम करत होते.

"डोंगरसिंग, खुरकुतीचं जनावर बाजारात आणलं का रे?"

डोंगरसिंग तोंड उघडणार, तोच मास्तर पुढे झाले. खुलासा करणं हे त्यांना आपलं काम वाटे.

"घाबरायचं कारण नाही. मी स्वतः लावलंय."

"मंग हे मागचे पाय लाल काहून?"

"मागच्या पायांचं प्रकरण वेगळं आहे. खरी गोम तिथेच आहे."

रूपसिंग दोन पावलं मागे सरला. "रगत आलं का?"

"ते डॉक्टर ठरवतील. मुद्दाम या बैलासाठी नागपूरहून येतायत. आणि आजचं नीट जमलं," मास्तर प्रसन्नपणे म्हणाले, "तर पुढच्या आठवड्यात तुमच्याही बैलांना लावू."

एवढं पुरे झालं. नागपूरचा डॉक्टर एका बैलासाठी येतो म्हणजे रोग साधा नव्हे. ही बातमी रूपसिंगपेक्षा आधी बाजाराच्या दुसऱ्या टोकाला पोचली. खुंट्या उपटल्या गेल्या, सौदे अर्धवट राहिले, बैल, गोऱ्हे, माणसं, सगळे धुरळा उडवत एकदम निघाले. त्यांच्या गळ्यातल्या घंटांच्या गदारोळात हिऱ्या बिथरला, त्याने कासरा हिसकला, आणि बिथरलेल्या बैलाला समोर एकच ओळखीची गोष्ट दिसली: ढेप.

तो उसळला. मास्तर मागे सरले ते थेट निळीच्या परातीत, आणि तिथून जे सुटले ते सहा धोतरांवरून सरळ.

"मास्तर, ढेप फेका!" डोंगरसिंग ओरडला.

मास्तरांनी ढेप छातीशी आणखी घट्ट धरली.

"अवो, तो तुमच्या मांगं नाई, ढेपेच्या मांगं हाय!"

हा फरक शास्त्रीयदृष्ट्या महत्त्वाचा होता, पण मास्तर बाभळीवर चढले तेव्हाच तो त्यांच्या ध्यानात आला. मग त्यांनी ढेप खाली टाकली. हिऱ्याने ती शांतपणे खाल्ली.

डोंगरसिंगने बादलीभर पाण्याने हिऱ्याचे खूर सगळ्यांदेखत धुतले, तेव्हा कुठे बाजार परतला. मागोमाग डॉक्टर पळसोकर आले. हिऱ्याच्या खुरांनी धोतरांवर निळ्या-लालाचा नुसता चिखल केला होता. मास्तरांनी मनातच हिशोब केला: नाव गेलं, धोतरंही गेली.

डॉक्टर मात्र गुडघ्यांवर बसले. चिखलाच्या कडेकडेने माणसाच्या निळ्या पावलांची स्पष्ट रांग गेली होती. त्यांनी फीत काढली, मोजलं, पुन्हा मोजलं.

"हे कोणाचे ठसे?"

"माझे," मास्तर बारीक आवाजात म्हणाले.

"वय?"

"त्रेपन्न."

"या वयात एवढी लांब ढांग मी कुठे पाहिली नाही. उत्तम!" डॉक्टरांनी उंची विचारली, वजन विचारलं, तळवे पाहिले आणि धोतरं गुंडाळून नागपूरला नेली. मास्तर तरंगत घरी आले. बैल काय नि माणूस काय, नाव छापून येणार होतं.

दिवाळीनंतर डॉक्टरांचा निबंध छापलेली पत्रिका आली. मास्तरांनी डोंगरसिंगला मुद्दाम बोलावलं, चष्मा पुसला, आणि इंग्रजीवरून मराठी करत मोठ्याने वाचायला लागले. चार पानं झाली. मास्तरांचा आवाज हळूहळू उतरत गेला.

"तुमचं नाव कुठं हाय?" इंदुताईंनी विचारलं.

मास्तरांनी बोट ठेवलं. 'इसम क्रमांक एक. पुरुष, वय त्रेपन्न, तळवे सपाट. भीती वाटली असता धावतो.'

"नाव, म्हंतलं."

"संशोधनात धावणाऱ्याचं नाव देत नाहीत. तशी पद्धत आहे." त्यांनी शेवटचं पान उलटलं आणि घसा खाकरला. "आभार मात्र मानलेत. 'श्री. डोंगरसिंग, आर्णी, आणि त्यांचा बैल हिऱ्या.'"

डोंगरसिंगने पागोटं सारखं केलं आणि जरा पुढे सरकून बसला.

"मास्तर," तो म्हणाला, "तेवढं एक डाव अजून वाचा."

मास्तरांनी वाचलं. बैलाच्या नावापाशी तो अजून एकदा वाचायला लावेल म्हणून, जरा सावकाशच.