बशीरमामांचा जनरल

इंदापूरच्या तहसील कचेरीसमोर लिंबाच्या झाडाखाली एक टायपिस्ट बसतात. मोजणीचे अर्ज, वारसनोंदी, नावातल्या दुरुस्त्या, सगळं त्यांच्या बोटांखालून गेलेलं. पण त्या दिवशी बशीरमामांनी अर्जाचा विषय सांगितला आणि त्यांची बोटं हवेतच राहिली.

"विषय : जनरलसाहेबांच्या गालावरील तीळ गहाळ झाल्याबाबत."

"कुठला जनरल?" टायपिस्टांनी विचारलं.

"पिक्चरमधला."

"मग त्याला तहसीलदार काय करणार?"

"तहसीलदाराचं काय काम हितं? कंपनीला धाडायचाय. तुमी लिवा. 'महोदय, जुन्या कॅसेटीत सदर तीळ डाव्या गालावर स्पष्ट दिसत असून, नव्या डिस्कमध्ये तो काढून टाकण्यात आला आहे...' आन् हितं साक्षीदार म्हनून ह्या पोराचं नाव टाका."

'हे पोर' म्हणजे मी, वय वर्षं बत्तीस. सही म्हटलं की मला घाम फुटतो. शाळा मी नववीतच सोडली, त्यामुळं कुठल्याही कागदात आपल्याला न कळणारं काहीतरी असणारच, अशी माझी खात्री असते. तरी मी सही केली. पत्त्याच्या जागी मामांनी 'मुख्य कचेरी, परदेश' असं लिहायला लावलं. उत्तर अजून यायचंय.

बशीरमामा मुलाणी माझे घरमालक. मी मूळचा किनवटकडचा. इथून घरी जायचं तर एक रात्र आणि अर्धा दिवस लागतो. सहा वर्षांपूर्वी टीव्ही-मिक्सर दुरुस्तीच्या दुकानात काम मिळालं म्हणून इंदापुरात आलो. खोली बघायला जाईन तिथं लोक गाव विचारायचे, आडनाव विचारायचे, लग्न झालंय का विचारायचे आणि मग कळवतो म्हणायचे. मामांनी एकच प्रश्न विचारला. "व्हीसीआरचा पट्टा बदलता येतो का?"

मी येतो म्हणालो. व्हीसीआर मी तोपर्यंत उघडलेलाही बघितला नव्हता. पुढचा आठवडा मी जीव मुठीत धरून काढला. शेवटी दुकानातल्या भंगार टेपरेकॉर्डरचा पट्टा त्यात बसला, आणि मीही त्या घरात बसलो.

आता त्या पिक्चरबद्दल. कुण्या परदेशी जनरलच्या आयुष्यावरचा जुना लढाईचा पिक्चर आहे. वाळवंट, रणगाडे, धूळ. मामांकडे तो चार रूपांत आहे आणि चौघांना मामांनी मानानं नावं दिली आहेत. कॅसेट म्हणजे आबा. व्हीसीडी म्हणजे तात्या. डीव्हीडी म्हणजे भाऊ. आणि पुण्याच्या भाच्यानं आणून दिलेली ब्लू-रे, ती साहेब.

दर शुक्रवारी दुपारी, नमाज आणि जेवण आटोपलं की तपासणी सुरू. एकेक प्रसंग चारही ठिकाणी लावायचा. मामांचा लाडका प्रसंग म्हणजे लढाईच्या आदल्या दिवशी तंबूत जनरल स्वतःच्या हातानं सदऱ्याची गुंडी शिवतो, तो. आधी आबा, मग तात्या, मग भाऊ, मग साहेब. मामा वहीत लिहीत जातात, मी मशीन बदलत जातो.

"आबांमदी बघ, सदरा तांबूस हाय. जुनं मानूस, जरा लाली ऱ्हायचीच. तात्यांमदी समदे चौकोन चौकोन. जनरल न्हाय त्यो, फरशी बसवलेली भिंत. भाऊ बरा हाय, सरळ मार्गी."

"आणि साहेब?" मी मुद्दाम विचारतो.

"साहेबाचं नाव काढू नगो. चित्राची खरखर काढतो म्हनून त्येनं मानसाचं तोंड घासून घासून पार मेनाचं केलं. तीळ गेला, सुरकुत्या गेल्या. आरं, लढाईला निघालाय का वरातीला?"

हे चालू असताना हलीमा मामी उंबऱ्याशी बसून शेंगा फोडत असतात. पडद्याकडं त्यांची पाठ असते, कान मात्र इकडंच. "झाली का शिवून त्येची गुंडी?" त्या विचारतात. "माझ्या लग्नापास्नं शिवतोय मुडदा. माझ्याकडं दिली असती तर तवाच लावून दिली असती."

भाऊ पहिल्यांदा घरात आला तेव्हाची गोष्ट मामा अजून सांगतात. जुन्या टीव्हीच्या चौकोनात बसवायला कॅसेटमध्ये चित्राच्या दोन्ही कडा कापलेल्या होत्या. डीव्हीडीत कडा परत आल्या, आणि तंबूच्या डाव्या कोपऱ्यात एक शिपाई उभा असलेला दिसला. मामा उठून टीव्हीपाशी गेले. "ह्यो मानूस हितं हुता? इतकी वरसं? आन् मी जनरल तंबूत एकटाच हाय म्हनून सांगत फिरलो!" त्या दिवसापासून तंबूचा प्रसंग लागला की मामा आधी त्या शिपायाकडं बघून मान हलवतात, मग जनरलकडं वळतात.

'सांगत फिरलो' हे खरंच. ऐन उमेदीत मामांचा व्हिडिओचा धंदा होता. टेम्पोत टीव्ही, व्हीसीआर टाकून पिंपळीपासून वरकुट्यापर्यंत गावोगाव खेळ लावायचे. इंग्रजी पिक्चर असला की मामा हातात छडी घेऊन टीव्हीशेजारी उभे राहत आणि पडद्यावरचा माणूस काय बोलतोय ते मराठीत सांगत. मामांना इंग्रजी येत नव्हतं. आताही येत नाही.

"मग कळायचं कसं, मामा?"

"तोंडावरनं. मानूस भांडतोय का रडतोय, त्येला भाषा कशाला लागती? जनरल हात वर करून वरडला की मी म्हनायचो, 'आरं पळताय काय, उसाला दारं धरायला आलाय का लढायला?' लोक टाळ्या वाजवायचे."

खरी अडचण वेगळीच होती. पिक्चर लांब आणि कॅसेट आखूड. जनरल टोपी घालून जीपमध्ये बसतो, जीप धुळीत निघते, आणि तिथंच कॅसेट संपायची. पडद्यावर मुंग्या. मग उरलेला शेवट मामा तोंडानं सांगत. पिंपळीत जनरल घरी परतला आणि त्यानं विहीर खोदली. इंदापुरात तो घरी परतून सोसायटीच्या निवडणुकीला उभा राहिला आणि चार मतांनी पडला. गाव बदललं की शेवट बदलायचा. घरी परतणं मात्र कधी चुकायचं नाही.

त्याचं कारण मामांनी मला एकदा व्हीसीआरचं हेड स्पिरिटनं पुसता पुसता सांगितलं. मामींचा थोरला भाऊ फौजेत होता. सरहद्दीवर गेला तो आला नाही. त्यानंतर वर्षभरात मामींचं लग्न झालं, आणि मामांनी नवी कॅसेट पहिल्यांदा घरातच लावली. कॅसेट तुटल्यासारखी संपली तेव्हा नवी नवरी मान वर न करता म्हणाली, "मग त्यो घरला गेला का न्हाय?"

"मला तरी कुठं ठावं हुतं?" मामा म्हणाले. "पन तिनं ज्या आवाजात इचारलं ना... म्हनलं, गेला की. थेट घरला गेला."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की शुक्रवारची तपासणीही जीपपाशीच थांबते. भाऊ आणि साहेब यांच्याकडं पुरा शेवट आहे, पण मामांनी तो कधीच लावला नाही.

मी मात्र बघितला. डीव्हीडी अडकते म्हणून दुकानात नेली होती, तपासताना शेवटपर्यंत चालली. जीप परत येते. रिकामी. सीटवर नुसती टोपी. मी डिस्क घेऊन घरी आलो, तर मामांनी माझ्याकडं बघितलं आणि हात वर केला.

"बोलू नगो. तुझ्या तोंडावरनं कळलं. मामीला कळता कामा नये. बास."

आणि मग बारामतीच्या एका कॉलेजातून बोलावणं आलं. तिथल्या एक प्राध्यापिका जुन्या व्हिडिओच्या खेळांवर काहीतरी करत होत्या. मामांनी चारही प्रती लावून दाखवाव्यात आणि जुन्या पद्धतीनं पिक्चर सांगावा. मामा हरखले. टायपिस्टांनाही जाऊन सांगून आले.

हलीमा मामींनी ठेवणीतली साडी काढली. "मी बी येनार. जल्मभर पाठ करून ऐकला. आता मोठ्या पडद्यावर बघनार, पार शेवटपत्तुर."

मामांचा चेहरा तात्यांसारखा झाला, सगळे चौकोन चौकोन.

शनिवारी सकाळी एसटीत व्हीसीआर चादरीत गुंडाळून माझ्या मांडीवर, पुढच्या सीटवर मामी खिडकीशी. मामा माझ्या कानाशी लागले. "बटन तुझ्या हातात. जीपमदी बसला की थांबव. चुकलास तर..."

मी मनात ट्रंक भरायला घेतली.

"...तर मी तिला काय सांगू, बाबा?" मामा म्हणाले.

खेळ काय रंगला! पोरं हसून हसून बाकांवर आडवी. साहेबाच्या मेणाच्या तोंडाला टाळ्या, कोपऱ्यातल्या शिपायाला तर शिट्ट्या. मामी पहिल्या रांगेत, पदर सावरून, अगदी टोकावर बसलेल्या. शेवटचा भाग साहेबावरच लावलेला. जनरलनं टोपी घातली. जीपमध्ये बसला. मी रिमोटचं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. जीप धुळीतून पुढं चाललेली. तेवढ्यात माझ्या हातून वायर निघाली. 'निघाली' असंच मी सगळ्यांना सांगितलं.

पडदा निळा झाला. पोरांनी गलका केला. मामा छडी घेऊन पुढं आले.

"थांबा! हितनं फुडं मी सांगतो. जीप चालली, चालली, आन् थेट त्येच्या दारात थांबली. बायको दारात हुती. ती म्हनली, एवढा उशीर? त्यो म्हनला, लढाई हुती. ती म्हनली, लढाई काय रोजचीच हाय, हातपाय धुवा. मग त्यो पाटावर बसला. भाकरी, ठेचा, वांग्याची भाजी. पोटभर जेवला आन् झोपला. कुनी उठवला न्हाय त्येला."

पोरं आधी हसत होती. 'कुणी उठवला नाही' म्हणताना मामांचा आवाज हलला, तशी थांबली.

मागच्या रांगेतली एक मुलगी मोबाइल हातात घेऊन उभी राहिली. "आजोबा, पण इथं तर लिहिलंय, शेवटी जनरल..."

मामांची छडी तशीच वर राहिली. मामी पूर्ण वळून त्या मुलीकडं बघायला लागल्या.

"काय करतो गं शेवटी?" मामींनी विचारलं.

मुलीनं मोबाइलकडं बघितलं. मामींकडं बघितलं. मग छडी धरलेल्या मामांकडं.

"शेवटी... दही पण मागून घेतो."

मामांनी छडी हळूच खाली केली. "व्हय की," ते म्हणाले. "दही. ऱ्हायलंच."

मामी माझ्याकडं झुकल्या. "बघ. मी कवापास्नं म्हनतीया, हे कायतरी गाळत्यात."